दोन लिंबं आणि आईचा अडकित्ता

हे काम कोणाचं होतं? दादा गेला तेव्हा अंबरनाथच्या आमच्या खोलीत टेबलावर दोन लिंबं आणि आईचा अडकित्ता मांडलेला होता. समोर स्टँडवर कॅमेरा. मी त्याला काम देणाऱ्या उल्हासनगरच्या एकेका शेठला विचारून आलो. "हमारा नहीं." आईलाही माहीत नाही.

दादा वस्तूंचे फोटो काढायचा. डबे, बाटल्या, फळं. काविळीने नऊ दिवसांत नेलं त्याला. आता भेटायला येणारा प्रत्येक जण त्याचा एकेक किस्सा टाकून जातो, ढीग झालाय नुसता! वर हसतात. डोकं फिरतं माझं. खरे किस्से मला विचारा ना!

*

पापडवाल्या सिंधी शेठने फोटोसाठी शंभर पापड पाठवले. दादाने एकेक उजेडात धरून त्यातला एक निवडला.

फोटो बघून शेठ तडकला. "एक ही लिया? तो बाकी निन्यानवे खराब हैं क्या?"

दादा म्हणाला, "वो तो आपको पता होगा, साईं!"

शेठ परत फिरकला नाही. परवा भेटायला आला आणि म्हणतो, "बहुत सीधा लड़का था." सीधा!

*

बदलापूरला एका ठाकर मावशीची जांभळं दादाने पाटीसकट मागून घेतली. पाटी परत हवी म्हणून ती बसून राहिली. दादा एकेक जांभूळ फिरवून मांडतोय!

"आरं, येवढ्यात झाडाला नवी लागतील!"

मग ती ताजी दिसावीत म्हणून त्याने ग्लिसरीनचं पाणी फवारलं. मावशी वाकून बघत म्हणाली, "घाम मला आलाय आणि पाणी मारतोस त्यांना?"

दादा इतका हसला की तो फोटो हललाच.

*

खरवईचा मामा त्याला नेहमी टोचायचा. "लग्नं घे रे. माणसांचे फोटो काढलेस तर कोणी जेवायला तरी बोलावेल!"

"वस्तू डोळे मिटत नाहीत, मामा."

हा किस्सा मामाने कधी सांगितला? दादाच्या अंगावर चादर घातलेली असताना! लाज नाही वाटली!

*

हा माझा. दादाचा नियम एकच, टेबलाला हात लावायचा नाही. कॅमेऱ्याबद्दल तो काही बोलला नव्हता! मी फोटो आले का बघायला मागचं झाकण उघडलं. उजेड लागून अख्खं रीळ गेलं.

मला वाटलं, आता मार बसणार. दादाने झाकण लावलं. "काय दिसलं?"

"काहीच नाही."

"आता मलाही तेवढंच दिसणार."

*

काल मामा टेबल रिकामं करायला उठला. दिवा ठेवायला जागा हवी म्हणे.

"टेबलाला हात लावायचा नाही!" मी एवढ्याने ओरडलो की आई बाहेर आली.

कॅमेऱ्याच्या खिडकीत पस्तीसचा आकडा होता. छत्तीसच्या रिळात एकच फोटो उरलेला. लिंबं सुकायला लागली होती. मी लांबूनच ग्लिसरीनचं पाणी फवारलं, दादाचा फोटोसाठीचा दिवा लावला.

"वेड लागलंय ह्याला," मामा म्हणाला.

"श्वास धरा सगळ्यांनी," मी म्हणालो. मामानेही धरला.

मी कॅमेऱ्याला जोडलेल्या तारेचं बटण दाबलं. मग दांडी फिरवून रीळ परत त्याच्या डबीत गुंडाळत राहिलो. ती हलकी होऊन नुसतीच फिरायला लागली, तरी आणखी वीस वेळा फिरवली. आणि मग झाकण उघडलं.