साडूची डावी बाजू

बायको बघून करता येते, दुकानाची जागा बघून घेता येते. साडू मात्र बायकोबरोबर आपोआप येतो आणि तो कसा निघेल हे नशिबावर असतं. माझा साडू चांगला निघाला. बावीस वर्षं माझी तक्रार ती एवढीच आहे. दारू पिणारा असता, थापाड्या असता, निदान जेवताना मचमच करणारा असता, तरी मला थोडं बरं वाटलं असतं.

तो बस चालवतो. माझं चष्म्याचं दुकान आहे. स्वतःचं. आत नंबर काढायचं मशीन आहे, भिंतीवर तीनशे फ्रेमा आहेत आणि बाहेर पाटीवर माझं नाव आहे. तरी नवं गिऱ्हाईक आत येतं आणि विचारतं, "तुम्ही सात नंबरच्या ड्रायव्हरसाहेबांचे साडू ना?" पाटीवर आता तेच लिहावं, असं मला कितीदा वाटलं आहे.

सात नंबरच्या रस्त्यावरचे लोक आधीची बस सोडून त्याच्या बसची वाट बघतात. हे मी स्वतः थांब्यावर उभं राहून पाहिलं आहे, कारण ऐकून विश्वास बसेना. तो म्हातारं माणूस चढलं की आरशात बघतो आणि ते सीटवर टेकल्याशिवाय गाडी हलवत नाही. बाकी काही जादू नाही. समोरची काच पुसायला त्याच्याकडे एक पिवळं मऊ फडकं असतं. ते माझ्या दुकानातलं, मी फुकट दिलेलं. "आमच्या साडूभाऊंनी दिलंय," असं तो डेपोत सगळ्यांना सांगत फिरतो. फुकटच्या फडक्याचं इतकं कौतुक करणाऱ्या माणसावर रागावायचं तरी कसं?

सासूबाई दोन जावयांत डावं-उजवं करत नाहीत, असं त्या स्वतः सांगतात. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी चार रात्री हॉस्पिटलात मी झोपलो. पाचव्या दिवशी हा हात हलवत आला, बसमधल्या कुणाची तरी गंमत सांगितली, आणि ती गंमत सासूबाई अजून सांगतात. माझ्या चार रात्री कुणी सांगत नाही. मी त्यांना आजवर पाच चष्मे करून दिले. त्या चष्म्यांतून त्या त्याच्याकडेच बघतात.

माझी मुलगी अठरा वर्षांची झाली तेव्हा मी तिला गाडी शिकवायला घेतली. तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात गाडी थांबवून ती खाली उतरली आणि चालत घरी गेली. "मी काकांकडून शिकेन," म्हणाली. काका म्हणजे तोच, तिच्या मावशीचा नवरा.

हे सगळं मी गिळलं असतं. पण टेनिस माझं होतं.

पाण्याच्या टाकीमागे सिमेंटचं एक जुनं कोर्ट पडून होतं. ते शोधलं मी, जाळी शिवून घेतली मी, आणि बेकरीवाल्याला व रिटायर झालेल्या पोस्टमास्तरांना सकाळी घरातून ओढून आणलं तेही मीच. जोड्या पाडायला चौथा गडी कमी पडला म्हणून बायको म्हणाली, "भाऊजींना विचारा की." मी विचारलं. पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. साडू आला तो कॅन्व्हासचे बूट घालून. रॅकेटच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. डेपोच्या मैदानात पूर्वी थोडंफार खेळलोय, म्हणाला. मी तेव्हा नुकतीच भारीतली रॅकेट घेतली होती. त्याने मला सहा-एक, सहा-शून्य असं हरवलं आणि वर म्हणाला, "आज चेंडू माझ्याकडेच येत होता हो." चेंडू त्याच्याकडे येत नाही. चेंडूच्या आधी तो तिथे असतो. धावताना कधी दिसत नाही, पण असतो.

तेव्हापासून इतर दिवशी जोड्या आणि शनिवारी आम्ही दोघं एकेकटे, असा रिवाज पडला. अकरा वर्षं दर शनिवारी मी हरलो. आमच्यात पंच नाही. ज्याच्या बाजूला चेंडू पडला त्याने आत की बाहेर ते सांगायचं. जरा शंका असली की साडू म्हणतो, "आत, तुमचा पॉइंट." मला शंका असली की मी म्हणतो, "बाहेर." बेकरीवाल्याला हे माहीत आहे, पोस्टमास्तरांना माहीत आहे, आणि साडूलाही माहीत असणार. तो कधी बोलला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

या वर्षी एका शनिवारी मी त्याच्या डावीकडे एक चेंडू मारला. मारला कसला, रॅकेटच्या कडेला लागून गेला. हळू, खाली, रेषेच्या बराच आत. साडू हललाच नाही. चेंडू मागच्या भिंतीला लागल्यावर त्याने मान वळवली.

"आत होता का हो?" त्याने मला विचारलं. "दिसलाच नाही."

"आत," मी म्हणालो. अकरा वर्षांत त्याने मला असं पहिल्यांदाच विचारलं होतं. जरा वेळाने मी मुद्दाम तिथेच मारला. पुन्हा तेच. समोरचे, उजवीकडचे, डोक्यावरून जाणारे सगळे चेंडू तो नेहमीसारखे परत पाठवत होता. फक्त डावीकडचा, खालचा, त्याला नव्हताच. मी सहा-चार जिंकलो. साडूने जाळीवरून हात पुढे केला आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "सुंदर खेळलात." मनापासून म्हणाला. मला तेही टोचलं, पण त्या दिवशी जरा कमी.

घरी येऊन बायकोला सांगितलं, "आज जिंकलो."

"का, भाऊजींना बरं नव्हतं का?" ती म्हणाली.

मग मी ठरवलं की आता सोडायचं नाही. दुकानामागच्या बोळात भिंतीवर खडूने चौकोन काढला आणि रोज दुपारी तोच एक फटका घोटला. पुढचा शनिवार जिंकलो, त्याच्या पुढचाही. बेकरीवाला म्हणाला, "तुमचा हात बसला की." पोस्टमास्तरांनी पाठ थोपटली. मी शीळ घालत दुकान उघडायला लागलो. गिऱ्हाइकांशी गोड बोलायला लागलो. मुलीने विचारलंसुद्धा, "बाबांना काय झालंय?"

सहाव्या आठवड्यात साडू दुकानात आला. डेपोत दरवर्षी नजर तपासल्याचा कागद लागतो, तो मीच देतो. दारातून आत येताना डाव्या हाताच्या स्टँडला त्याचा खांदा लागला आणि वीसेक फ्रेमा खाली पडल्या. "अरेरे, धांदरटपणा झाला," म्हणत तो उकिडवा बसून फ्रेमा गोळा करू लागला. समोरच्या उचलल्या, उजवीकडच्या उचलल्या, उठला, हात झटकले. डावीकडे सहा फ्रेमा तशाच पडल्या होत्या.

मी काउंटरमागे उभा राहून त्या सहा फ्रेमांकडे बघत होतो. सव्वीस वर्षं डोळ्यांचा धंदा करतोय. मला त्या क्षणी कळलं. खरं तर दुसऱ्या शनिवारीच कळलं होतं, पण तिथे मी खेळाडू होतो, इथे दुकानात मला ते सोंग घेता येत नव्हतं. अशा वेळी करायचं असतं ते अगदी सोपं आहे. माणसाला समोर बसवायचं, एक डोळा झाकायला लावायचा, आपल्या नाकाकडे बघायला सांगायचं आणि बाजूने बोटं आत आणायची. अर्ध्या मिनिटाचं काम.

मी त्याला तक्त्यासमोर बसवलं. तक्ता फक्त समोरची नजर मोजतो, बाजूची मोजत नाही. हे मला माहीत होतं. त्याने शेवटची ओळ खडाखडा वाचली, बावन्नाव्या वर्षी, चष्म्याशिवाय. मला स्वतःला ती ओळ दोन काचा घालूनही दिसत नाही. त्याही वेळी, तेवढ्यातही, मला त्याचा हेवा वाटला. मी कागदावर "नजर उत्तम" लिहिलं, सही केली, शिक्का मारला. का? कारण दोन दिवसांनी शनिवार होता.

त्यानंतर सात शनिवार मी जिंकलो.

मग एका संध्याकाळी मुलगी पांढरीफटक होऊन घरी आली. गाडीची शिकवणी संपवून काकाच गाडी परत आणत होते, ती शेजारी बसली होती. डावीकडच्या गल्लीतून सायकलवर एक बाई आली, मागे लहान मूल. "काकांनी बघितलंच नाही, बाबा. मी ओरडले म्हणून ब्रेक मारला. ती बाई एवढी जवळ होती." तिने हाताने अंतर दाखवलं. "काका म्हणाले, कुठून आली कळलंच नाही."

मला साडूची दया आली असं मी म्हणणार नाही. मला आधी माझी मुलगी दिसली, मग ती सायकल, मग सात नंबरची भरलेली बस. मी चप्पल घातली आणि त्याच्या घरी गेलो. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर त्याला बसवलं.

"उजवा डोळा झाका. माझ्या नाकाकडे बघा. बोटं दिसली की किती ते सांगा."

तो माझ्या नाकाकडे बघत राहिला, शहाण्या मुलासारखा. थोड्या वेळाने म्हणाला, "दाखवा की बोटं, साडूभाऊ."

माझी तीन बोटं केव्हाची त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर होती. मी हात पुढे आणत गेलो. जवळजवळ माझ्या नाकापाशी आल्यावर तो म्हणाला, "तीन."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची बाजूची नजर बहुतेक गेलेली, उजव्यात नुकती सुरुवात. गेलेलं परत येत नाही, म्हणाले, आहे ते थेंब घालून राखायचं, जन्मभर. "दाब फार वाढलाय. तीन महिने आधी आला असतात तर डाव्यातलं बरंच वाचलं असतं. पण हा आजार माणसाच्या लक्षातच येत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही ओळखलंत म्हणून उजवा तरी हाताशी लागला."

साडूची बस काढून घेतली. आता तो डेपोत टेबलावर बसून इतर ड्रायव्हरांच्या पाळ्या लावतो. पहिल्या आठवड्यात सात नंबरचे लोक डेपोत जाऊन त्याला भेटून आले. मला हेही ऐकवलं गेलं. माझं दुकान उद्या बंद पडलं तर कुणी भेटायला येईल असं मला वाटत नाही.

रविवारी सासूबाईंकडे सगळे जमलो. मी आत पाय ठेवला आणि सासूबाई उठून उभ्या राहिल्या. दुखऱ्या गुडघ्याच्या. खिडकीजवळची खुर्ची, जिच्यावर बावीस वर्षं साडू बसायचा, ती त्यांनी माझ्यासाठी पुढे केली. मेव्हणीचे डोळे भरून आले. माझी बायको माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत ते होतं जे मी आजवर फक्त भाऊजींच्या गमती ऐकताना पाहिलं होतं. मला हवं होतं ते सगळं एका दुपारी मिळालं. मी खुर्चीच्या कडेला टेकलो आणि पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला.

"तुम्हाला खरी गंमत माहीतच नाही," साडू सगळ्यांना म्हणाला. "तीन महिने हे शनिवारी नुसतं माझ्या डावीकडेच मारत होते. मला वाटायचं, यांचा हात बसला. आता कळलं. खेळता खेळता हे माझा डोळा तपासत होते. एका शब्दाने मला घाबरवलं नाही. खात्री झाल्यावरच बोलले."

सासूबाईंनी मान डोलावली. मुलगी माझ्या खांद्याला टेकली. साडूकडे मी नीट बघितलं, टोमणा आहे का ते शोधायला. नव्हता. त्याच्या मनात तसं येऊच शकत नाही, आणि त्या स्वच्छ मनाचाही मला तिथे बसल्या बसल्या हेवा वाटला. हसत होती सगळी. फक्त बायको हसायची थांबली होती.

परत येताना मुलगी मैत्रिणीकडे गेली आणि आम्ही दोघं चालत निघालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली.

"एक विचारू?"

"विचार."

"तपासत होतात, तर पहिल्या आठवड्यातच कळलं असेल. तुम्हाला तर नक्की." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मग तीन महिने काय करत होतात?"

खोटं तयार होतं. साडूने ते स्वतःच्या हाताने करून दिलं होतं, मला फक्त हो म्हणायचं होतं.

"जिंकत होतो," मी म्हणालो.