विनू, मोरचूद आणि अंड्याचं पांढरं

रसायनशास्त्राच्या माणसाशी लग्न केलं की घरात दोन गोष्टी साठत जातात, रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या रद्दीवाला नेतो. किश्श्यांना तुम्ही आहात म्हणून बरं.

हे अकोल्याला कॉलेजात शिकवतात. मी इंटरपर्यंत शिकलेली, म्हणजे घाबरण्यापुरतं सायन्स मला येतं. आमचा विनू तेव्हा रांगत होता. दिसेल ते तोंडात!

*

थंडीचा स्वेटर मे महिन्यातच विणायला घेणारी मी. माझ्या हातातला लोकरीचा गुंडा पाहून ह्यांनी प्रथिन समजावलं. धागा ठरल्या घड्यांत बसलाय तोवर कामाचा. उष्णता, आंबट, तांबं-पारा असलं काही लागलं की घड्या मोडतात. अंडं उकडल्यावर पांढरं होतं ते हेच. "आणि आपलं शरीरही बरंचसं प्रथिनांचंच."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. बाहेर अकोल्याचा उन्हाळा पेटलेला! मी विनूला ओल्या पंच्यात गुंडाळून माठाशेजारी निजवलं. संध्याकाळी ह्यांनी आधी पोराला पाहिलं, मग माठाला.

"पाणी पिऊ, की ते ह्याच्यासाठी राखीव आहे?"

*

मग आंबटाची पाळी. लिंबू पिळलं की दूध फाटतं, हे मी रोज बघते. म्हणून विनूचा संत्र्याचा रस बंद केला. सासूबाईंचं माहेर मोर्शीचं, संत्र्यांच्या बागांतलं. त्यांना तो माहेरचाच अपमान वाटला.

"काहून व? आमच्याकडची पोरं संत्रं चोखूनच मोठी झाली. कोनाचं पोट फाटलं?"

ह्यांनी सांगितलं, दूध पोटात गेल्यावर तसंही फाटतंच. मी रस सुरू केला आणि दुधाची काळजी करू लागले.

*

प्रयोगासाठी आणलेली अंडी कॉलेजातच राहत, कारण आमच्या घरात अंड्याचं नावही चालत नसे. एकदा मी विनूला घेऊन ह्यांचा वर्ग बघायला गेले. तीन नळ्यांत अंड्याचं पांढरं. एक नळी तापवली, एकीत आम्ल घातलं, एकीत मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं, निळं पाणी. तिन्हींत गोळे! हे मुलांना सांगत होते, असलं धातूचं विष पोटात गेलं तर लगेच अंड्याचं पांढरं पाजा आणि दवाखाना गाठा. धातू अंड्याच्या घड्या मोडण्यात गुंततो, आपल्या वाचतात.

विभागप्रमुख मागे उभे होते. प्रयोगाला पांढरंच लागतं, तर पिवळ्याचं काय होतं, असं त्यांनी विचारलं.

"त्यावर स्टाफरूममध्ये काम चालू आहे, सर."

पुढच्या प्रयोगाला सर मिरपूड घेऊन आले.

*

त्या वर्षी आम्ही सासूबाईंच्या माहेरी, मोर्शीला गेलो. झाडांवर फवारायला मोरचूद आणि चुना कालवणं चालू होतं. वळून बघते तो विनूचे ओठ निळे, मुठीत निळा खडा. मी खडा हिसकावला. हे ओरडले, "अंड्याचं पांढरं!" आणि मग आपण कुणाच्या अंगणात उभे आहोत ते त्यांना आठवलं.

कुणी हलेना. सासूबाई सोवळ्यात स्वयंपाक करत होत्या. तशाच उठल्या, मागच्या गल्लीतल्या चाचींच्या घरात शिरल्या आणि पदरात अंडी घेऊन आल्या. नैवेद्याच्या वाटीत स्वतःच फोडली.

"पाहून काय राहिली व? तोंड उघड त्याचं!"

विनू ओकला, रडला. मला ते रडणं गाण्यासारखं वाटलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, नुसतं चाटलंय, धोका टळला. वर सांगितलं, पोर हडकुळं आहे, काही दिवस रोज एक उकडलेलं अंडं द्या.

*

अकोल्याला ते अंडं सासूबाईच उकडत, अंगणात, वेगळ्या शेगडीवर. नैवेद्याआधी वरणाचं मीठही न चाखणारी बाई! पण अंडं नीट शिजलंय की नाही, हे पोराला देण्याआधी बघायला नको? बघता बघता विनूच्या वाट्याला अर्धंच येऊ लागलं.

तरी पोरानं बाळसं धरलं, धावू लागलं. मी म्हटलं, आता अंडं बंद करायला हरकत नाही.

सासूबाई शेगडीवर फुंकर घालत म्हणाल्या,

"मोर्शीले त्या दिवशी माह्याही बोटाले मोरचूद लागला होता."