शनिवारच्या अक्का

अक्का कोणत्याही पोराला नाव विचारत नसत. आम्ही जळगाव स्टेशनच्या बाहेर दिसलो की पहिला प्रश्न ठरलेला, "आज तुना वार कोठे शे रे?" उत्तर देताना पोरगा अडखळला, की त्याचं मनगट धरून त्या चालू लागत. त्यांची पकड भारी होती. सुटका नसे.

पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. अक्कांनी ती रीत आम्हा स्टेशनवरच्या बेवारशी पोरांना लावली, आणि घरांऐवजी संस्था गाठल्या. सोमवार धर्मशाळेचा, झोपायला ओसरीही त्यांचीच. मंगळवार तालमीचा, बुधवार मंदिराचा, गुरुवार रेल्वे कामगारांच्या खाणावळीचा, शुक्रवार मशिदीजवळच्या शिंप्यांचा, रविवार महिला मंडळाचा. फाळणीला फार दिवस झाले नव्हते. मंडळातल्या बायकांनी शुक्रवारबद्दल नाकं मुरडली. अक्का म्हणाल्या, "बाकी बठ्ठे दिवस पोरं पातळ वरण पितात. एक दिवस रस्सा खाऊ द्या की." शुक्रवार तसाच राहिला.

शनिवार मात्र कोणी घेईना, कारण निम्म्या गावाचा उपास. तो अक्कांनी स्वतःकडे ठेवला. उपास त्यांचाही असे. मेहरूणच्या तळ्याकडच्या एका खोलीत ही विधवा बाई एकटी राहायची. आम्हाला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि भरीत वाढून स्वतः एक केळं सोलायची, आणि वर आम्हालाच दटावायची, "मना उपासकडे काय पाहतस? ताटात पहा." सबंध आठवड्यात पोट भरून हसायचा दिवस तेवढा एकच.

मी आणि माझा धाकटा भाऊ भिका, असे दोघे होतो. आई गेली, बाप धुळ्याच्या गिरणीत गेला तो परत आला नाही. भिका सहा-सात वर्षांचा असेल. त्याला वारांचं गाणंच झालं होतं, "सोम शेटजी, मंगळ पैलवान" असं म्हणत तो माझ्यापुढे उड्या मारत जाई. माझ्यासाठी जगात तेवढंच उरलं होतं.

त्या आठवड्यात अक्का चोपड्याला भावाकडे गेल्या होत्या. बुधवारी सकाळी भिकाला ताप भरला. मी मंदिरात पळालो. पुजारीबुवांनी डब्यात मऊ भात दिला, "दुखण्याखुपण्याचं मात्र आमच्याकडे नाही रे बाळा" म्हणाले. धर्मशाळेच्या शेटजींनी घोंगडी दिली आणि तालमीत विचारायला सांगितलं. पैलवान म्हणाले, "आमचा वार काल झाला." खाणावळवाले म्हणाले, उद्या ये. मंडळाच्या बाईंनी लिंबं दिली. कोणी हाकललं नाही, हे खरं आहे. प्रत्येकाने काहीतरी हातावर ठेवलं आणि पुढचं दार दाखवलं. शिंप्यांकडे मी गेलोच नाही, त्यांचा वार शुक्रवार म्हणून.

अक्का शुक्रवारी आल्या. ओसरीवर भिकाला पाहिलं आणि टांगा बोलावला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "याचं कोण?"

"मी," अक्का पुढे झाल्या.

"नातं काय?"

"माय," अक्का म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. शनिवार उजाडला तेव्हा भिका नव्हता.

मग सगळे आले. शेटजींनी बांबू आणले, शिंप्यांच्या रहीमचाचांनी पांढरं कापड आणलं, खांद्याला पैलवान, लाकडांची सोय कामगारांनी केली. तिरडी उचलायच्या आधी अक्का त्या गर्दीकडे बघत हळूच म्हणाल्या, "आज बठ्ठासना वार शे. बुधवार कोनाच नव्हता." पैलवानांची मान खाली गेली.

मला जवळ घेऊन त्या रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "सात दारं जोडली मी, पन पोरले घर नही दिधं." हे त्या पुढे अनेकदा म्हणत, आणि मला ते ऐकवत नसे.

तेरावा झाल्यावर त्यांनी सगळ्यांना धर्मशाळेत बसवलं. म्हणाल्या, जेवणाचे वार राहू द्या, पण प्रत्येक पोराचं एक माणूस ठरवा, ज्याचं दार तो वार न बघता वाजवेल. शेटजींनी दोन पोरं घेतली, रहीमचाचांनी एक. माझ्याकडे बोट गेलं तेव्हा अक्का तुटकपणे म्हणाल्या, "तो मना." भुसावळला रेल्वेत फिटर म्हणून लागेपर्यंत मी त्यांच्याच खोलीत राहिलो.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी ड्यूटीवरून तसाच निघालो. चोपड्याची माणसं जमली होती. त्यांतल्या एकाने दारातच अडवलं, "तुम्ही अक्कांचे कोण?" मी "शनिवारचा" म्हणणार होतो, सवयीने. त्याआधी कोपऱ्यातून रहीमचाचांचा थकलेला आवाज आला, "सरका. त्यांचा मुलगा आहे तो."

मग मात्र मला रडू आवरेना. त्या बुधवारी भिकासाठी कोणीतरी एवढंच म्हणायला हवं होतं.