अध्यक्षांचं लिव्हर

"वैनी, म्या हितंच मरंन, पर त्या जीपमधी बसणार न्हाई."

"मरा की. पर आधी पुण्याला जाऊन या, मग निवांत मरा. मानसं खोळंबल्यात."

"तुमी जरा गप बसा. सारं गाव ऐकतंय."

सारं गाव ऐकतच होतं. शाळेच्या फाटकाशी जीप, जीपमध्ये पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात निघालेले लिव्हरवाले, आणि दारात पाय रोवून उभे बबनभावजी. माझे धाकटे दीर आणि गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष.

हे भांडण कुठं जाऊन थांबलं ते सांगते, पण त्याला मागचं सांगावं लागेल. असले किस्से म्हणजे पेंढ्याची गंजी. एक पेंढी उपसायला जावं तर सगळी गंजी अंगावर येते. आणि नसरापूरच्या बाजारात पोचेपर्यंत लोक प्रत्येक किश्श्याला शेपूट लावतात, म्हणून मीच लिहून टाकते. शाळेत मी गेले नाही. पोरांच्या पुस्तकांवर शिकले, आणि आज पेपरातलं शब्दकोडं पेनानं सोडवते. आमच्या आळीतले रिटायर मास्तर पेन्सिलनं सोडवतात, एवढंच सांगते.

* * *

तर, त्या दवाखान्याची गाडी आमच्या गुंजवणीच्या खोऱ्यात आली. लिव्हरचा आजार खेड्यात कुणाला होतो, कशानं होतो, आणि फार पुढं जायच्या आत कसा ओळखायचा, यावर त्यांचा अभ्यास चालला होता. सोबत एक तरुण डॉक्टर मॅडम. माणसं गोळा करायला गावातलं कुणीतरी हवं होतं. ग्रामसेवकानं माझं नाव दिलं.

मॅडमनी विचारलं, "आजी बोलावतील का लोकांना?"

"आजींनी हाक मारली की धरणापलीकडची मानसं येत्यात," ग्रामसेवक म्हणाला. "न येऊन सांगत्यात कुणाला?"

याला मी कौतुक समजते.

* * *

तपासणीला उपाशीपोटी यायचं, असं मॅडमनी सांगितलं. पहिल्या दिवशी सोनोग्राफीत बघावं तर सगळ्यांची पोटं भरलेली.

"कुणी काही खाल्लंय का?"

कुणीच नाही. मग खोदून विचारलं, तर चहा सगळ्यांनीच घेतला होता. चहाला आमच्याकडं खाण्यात धरत नाहीत. चहाबरोबर बटरही झाले होते, पण ते चहात बुडवलेले, म्हणजे तेही चहाच.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. मॅडम खूश. म्हणाल्या, "बरं झालं, उद्या सगळ्यांचा उपासच आहे." मी म्हणाले, बाई, एवढ्यात हसू नका. सकाळी सगळे खिचडी, रताळी आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन रांगेत हजर.

मॅडम रडकुंडीला आल्या. "अहो, आज उपास आहे ना?"

माझ्या शेजारची सोनाबाई म्हणाली, "व्हय की. म्हणून तर येवडं खाल्लं. रोज कुठं खातो आमी?"

तिसऱ्या दिवशी मी पहाटे घरोघर फिरून चुली विझवल्या. सोनाबाईचं तर पातेलंच उचलून आणलं.

* * *

मग आली दारूची चौकशी. मॅडम प्रत्येक गड्याला विचारायच्या, "किती पिता?" आणि शेजारी बायको उभी. सगळ्यांचं एकच उत्तर, "छ्या. लग्नकार्यात कदीमदी." त्या हिशेबानं आमच्या गावात बारा महिने लग्नंच चालू असतात.

मी म्हणाले, "मॅडम, असं न्हाई कळायचं. शेजाऱ्याचं विचारा."

त्या म्हणाल्या, "आजी, अभ्यासात तसं चालत नाही."

"नका लिहू. निसतं ऐका तरी."

आमच्या आळीतला गुलाब समोर बसला होता. त्याला शेजाऱ्याचं विचारल्याबरोबर त्याची जीभ सुटली. "त्यो व्हय? त्यो सकाळी च्याच्या आधी घेतो. मग दुपारी. मग दिवेलागणीला येगळी."

"तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"म्या असतो की संगं."

"मग तुम्ही?"

"म्या निसता बसतो."

गुलाबची बायको तिथंच पदर खोचायला लागली. उरलेली चौकशी मॅडमनी गाडीचं दार लावून केली.

* * *

त्यांच्या गाडीत एक मशीन होतं. बरगडीवर एक दांडी टेकवून टकटक मारायची, आणि लिव्हर मऊ आहे की कडक झालंय ते कळायचं. दुखत नाही काही. पण सोनाबाईला आडवी केली, दोनदा टकटक झाली, आणि ती डोळे मिटून ओरडली, "घरात कुनी न्हाई, उद्या या."

मॅडम खुर्चीवरून घसरून खाली बसल्या. हसू आवरेना म्हणून मशीन बंद करावं लागलं.

कडक म्हणजे काय, हे लोकांना काही केल्या समजेना. मॅडम स्पंज म्हणाल्या, रबर म्हणाल्या. शेवटी मीच ओरडून सांगितलं, "तव्यावरनं उतरलेली ताजी भाकरी मऊ असती का न्हाई? तसं चांगलं लिव्हर. दुसऱ्या दिवशीची शिळी भाकरी, तसं बिघडलेलं. अन् वाळून खडंग झाली की कुत्रं बी तोंड लावत न्हाई, तसं शेवटचं."

झालं. तेव्हापासून गाडीतून कुणी उतरलं की पारावरनं हाळी यायची, "ताजी का शिळी?"

* * *

धोंडूतात्यांचं सांगायलाच हवं. तात्या काविळीची माळ घालतात. मुळ्यांच्या तुकड्यांची माळ डोक्यावर ठेवायची, ती लांबत लांबत खाली उतरली की कावीळ उतरली. वेल्ह्याकडनं, भोरकडनं माणसं येतात त्यांच्याकडं. गाडी आली त्या दिवशी तात्या चारचौघांत म्हणाले होते, "मशीनला काय कळतंय?"

शेवटच्या दिवशी रांगेत सगळ्यात मागं मफलर गुंडाळलेला एक माणूस. मी मफलर ओढला तर तात्या. डोळे हळदीसारखे पिवळे, आणि डोक्यावर स्वतःचीच माळ.

मॅडमनी अगदी सरळपणानं विचारलं, "तात्या, तुमचंच औषध तुम्हाला लागू पडलं नाही का?"

तात्या जराही डगमगले नाहीत. "सुईण कितीबी हुशार असली म्हणून सोताचं बाळतपन सोता करती व्हय?"

* * *

आता भावजींकडं येते.

गाडी आली तेव्हा नारळ भावजींनी फोडला. माईक हातात आला की भावजींना पुढं रस्ता दिसत नाही. म्हणाले, "मंडळी, लिव्हर खोटं बोलत न्हाई. ज्याचं लिव्हर खराब निघंल त्यो बेवडा. त्याचं नाव आपन देवळाच्या फळ्यावर लिवायचं." टाळ्या झाल्या. मॅडम हात वर करून काही सांगू बघत होत्या, पण त्यांच्या हातात माईक गेला तर ना.

शेवटच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "अध्यक्षांनीही तपासून घ्यावं, लोकांना बरं वाटेल." भावजी इस्त्रीचा सदरा घालून आले. साऱ्या गावात आपणहून उपाशी आलेला तो एकच माणूस. टकटक झाली. रक्तही काढलं होतं, सोनोग्राफी झाली. मॅडम अगदी हळू आवाजात त्यांना काहीतरी सांगत होत्या. पण भावजी गाडीतून केवढ्यानं ओरडले.

"शिळी?"

सारा पार माना वर करून गाडीकडं बघायला लागला.

भावजींनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. हे मी सांगते, आणि मी त्यांची बाजू उगीच घेणारी नाही. पण गावातली भट्टी फोडल्यापासून आंबवड्यापासून वेल्ह्यापर्यंत त्यांचे सत्कार होतात. प्रत्येक सत्काराला पेढे, आणि प्रत्येक घरात पाकासारखा गोड चहा. पोट पुढं आलं, डायबिटीस लागला, आणि ती सगळी चरबी लिव्हरवर जाऊन बसली. मॅडम म्हणाल्या, दारू न पिणाऱ्यालाही हे होतं, हल्ली तर फार. पुढं म्हणाल्या, आता घशातून दुर्बीण घालून बघायला हवं. अन्ननळीतल्या शिरा फुगल्या असतील तर उपाय करता येतो. न बघता राहिलं आणि फुटल्या, तर रक्ताची उलटी होते, आणि इथून पुण्याला पोचेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही.

आमचे हे गेल्यापासून घरात माझ्याशी तोलामोलानं भांडणारा तेवढा एकच माणूस उरलाय.

भावजींना मात्र शिरांची काळजी नव्हती. "गाव काय म्हणंल? अध्यक्ष चोरून पितो म्हणंल."

"म्हणू दे. मी हाय."

आणि मी होतेच. दुसऱ्याच दिवशी नळावर गुलाबची बायको म्हणाली, "अध्यक्ष बी आमच्यातलंच निगालं म्हणायचं." मी बोलायला सुरुवात केली. चरबी, साखर, पेढे, चहा, तिच्या माहेरचा इतिहास, काही ठेवलं नाही. ती हंडा तिथंच टाकून गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला पाठ झालं की लिव्हर गोडानंही बिघडतं. भावजी घरात कपाळाला हात लावून बसलेले. "वैनी, जल्मात येकदा तरी गप बसा."

* * *

तर ती सकाळ, आणि ती जीप.

आत कोण कोण होतं बघा. खिडकीशी गुलाब, त्याचा तो सकाळी चहाच्या आधी घेणारा शेजारी, आणि मागं माळेसकट धोंडूतात्या. यातल्या पहिल्या दोघांना भावजींनी देवळापुढं कान धरून उठाबशा काढायला लावल्या होत्या. आता त्यांच्या मांडीला मांडी लावून पुण्याला जायचं.

गुलाब सरकून बसला. "या अध्यक्ष. खिडकी ठेवलीया तुमास्नी."

"नसरापूरच्या स्टँडवर कुणी बगितलं तर?" भावजी मला म्हणाले.

उत्तर गुलाबनंच दिलं. "आमी सांगू की. अध्यक्ष आमच्यावर ध्यान ठेवाया आल्यात."

मॅडम म्हणाल्या, "काका, दुर्बीण घालायला फार वेळ लागत नाही. संध्याकाळी घरी."

भावजी दारातून मागं फिरले. "अब्रू गेल्यावर दुर्बिणीनं काय बगायचं? म्या घरी चाललो." ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. भावजी दोन पावलं चालले, आणि मी माझ्या जागेवरूनच, आवाज न चढवता बोलले.

"जावा घरी, भावजी, पर शीर फुटून गेलात तर सारं गाव म्हणंल अध्यक्ष दारूनं गेला, अन् त्या दिवशी, तुमी जल्मभर सांगत आलात तशी, मी गप बसंन."