तीनदा सांगतलं

पिक्चर संपला तेव्हा पडद्यावर नुसतं एक उघडं दार होतं. नायिका बॅग घेऊन त्या दारातून बाहेर गेली होती. नवरा आत आंघोळ करत होता आणि बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. मग दारही काळं झालं आणि पाट्या सरकू लागल्या. अमरावतीच्या त्या थिएटरात चार-दोन क्षण कुणीच हललं नाही. मग मागच्या रांगेतून एक आवाज आला, "अबे, पन गेली काहून ते?"

सगळे हसले. हसू विरायच्या आत डावीकडून एका बाईनं उत्तर दिलं, "घरी जाऊन बायकोले विचार!" त्यावर शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. माझं हसणं तसं मोठंच आहे. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून गळा तयार झालेला.

माझ्याबरोबर वकील आणि वकीलीणबाई होत्या. वकील माझे शेजारी, सकाळच्या फिरण्यातले सोबती. वकिली सोडून पाच वर्षं झाली, पण उलटतपासणी काही सुटलेली नाही. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली वकीलीणबाई म्हणते. तिघं बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बसलो आणि तिथंच आमचं वाजलं.

पिक्चरमध्ये मुख्य माणसं दोनच. लग्नाला बारा वर्षं झालेली, एक फ्लॅट, आणि दोन तास ती दोघं एकमेकांना सोलून काढतात. भांडतात, गप्प बसतात, पुन्हा भांडतात. शेवटी ती जाते. का जाते, हे कुणी सांगत नाही.

"कारन काय?" वकिलांनी सुरू केलं. "मारझोड नाई, दारू नाई, बाहेरची भानगड नाई. कोर्टात हे केस एक दिवस टिकत नाई."

"कोर्टात टिकत नाई म्हनूनच तं बिचारी न सांगता गेली," वकीलीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे अजून लाल होते. पिक्चरभर त्या पदराला नाक पुसत होत्या आणि वकील, पदर नाही म्हणून, तोंडात रुमाल कोंबून जांभया देत होते.

मी दोघांचंही खोडून काढलं. म्हटलं, चूक ना तिची ना त्याची, चूक पिक्चर काढणाऱ्याची. 'गेली' हे क्रियापद दिलं आणि कारण दिलं नाही. अपुरं वाक्य लिहिणाऱ्याला मी आयुष्यभर शून्य दिलं, याला का सोडू?

वकीलीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होत्या, पण मग बशीत चहा ओतत बसल्या. त्यांचं ते बघणं मला आवडलं नाही. कारण मला कळलं, की आमचं भांडण पिक्चरवर चाललेलं नव्हतंच.

माझी बायको दहा महिन्यांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला गेली होती. मुलगी तिकडे नोकरीला, डॉक्टर तिकडचाच, म्हणून बाळंतपणही तिकडेच. सव्वा महिना झाला की येतो म्हणाली. मग बाळाचं उष्टावण झालं की येतो म्हणाली. मग पोरीची रजा संपली, बाळाला कोण पाहणार, असं झालं. पुढे मुलीच्या सासूबाई येऊन राहिल्या, बाळाला पाहायला चार हात झाले, तरी ही आली नाही. तिनं कारणं सांगणं थांबवलं आणि मी विचारणं थांबवलं. गल्लीत कुणाला माहीत नाही असं मी धरून चाललो होतो. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातला प्रकार.

ती परत येणार की नाही, एवढाच प्रश्न होता. विचारला असता तर उत्तर मिळालं असतं, आणि त्या उत्तराचीच मला भीती वाटत होती.

घरी आलो. घर जसं टाकून गेलो तसंच होतं. एकट्याचं घर फार आज्ञाधारक असतं. सकाळचा पेपर काढून बसलो. पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुकांना लाल पेनानं गोल करायचे, ही माझी जुनी सवय. 'आशिर्वाद' दिसला. गोल केला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "अगं, पाहिलंस का, आशीर्वादातली शी पहिली छापलीय!" मग आठवलं. या दहा महिन्यांत मी असा कितीदा तरी ओरडलो असेन. दर वेळी स्वतःचाच राग येतो, आणि राग ओसरला की नुसतं वाईट वाटत राहतं.

बायको शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागवाल्यांच्या घरची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "मले झोप येऊन राहिली." मी म्हटलं, "मला झोप येत आहे." ती म्हणाली, "तं मंग तुमीच झोपा." आम्ही दोघंही पोट धरून हसलो होतो. पोरांचं 'मले' पुसून 'मला' करण्यात माझी हयात गेली. शाळेची घंटा झाली तरी तो खडू काही माझ्या हातातून सुटला नाही. पुढे पुढे ती माझ्याशी कमी बोलू लागली, शेजारणींशी मात्र भरभरून बोलायची. मला वाटायचं, बायकांचं असंच असतं.

पिक्चरनंतर चार दिवसांनी मी अकोल्याची बस धरली. सोबत संत्र्यांची पिशवी होती. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, आणि मी मनात वाक्य जुळवत होतो. 'तू परत कधी येणार आहेस?' हे फार सरकारी वाटलं. 'चल घरी' यात हुकूम आला. अकोल्याच्या स्टँडवर उतरलो तरी एकही वाक्य जमलं नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला हे शोभणारं नव्हतं.

मुलीच्या घरीही तोच पिक्चर, तोच वाद चालू होता. जावई म्हणत होते, ती बाई समजावून सांगण्यापलीकडची होती. मुलगी म्हणाली, "बाबा, या वाक्यावरून मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाहीये." मी हसलो आणि गॅलरीत गेलो.

बायको कोवळ्या उन्हात पाय पसरून बसली होती. पायांवर नातू, त्याला तेल लावणं चाललं होतं. मी पिशवी पुढे केली. तिनं एक संत्रं उचललं, नखानं साल जरा खरवडली, वास घेतला. "आंबिया बहाराची हायेत," वासावरूनच हंगाम सांगून तिनं ते ठेवून दिलं.

"तू पाहिलास तो चित्रपट?" मी विचारलं.

"पायला. शेजारच्या बायाइसंगं गेलो व्हतो. बरा व्हता पिच्चर."

"चित्रपट," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. (आता मीही पिक्चरच म्हणतो, पण त्याला फार उशीर झाला.)  ती बाळाचा पाय हातात घेऊन सरळ करत राहिली.

"पण ती गेली का?" मी म्हटलं. "शेवटपर्यंत सांगितलंच नाही."

"सांगतलं नाई कसं? तीनदा सांगतलं."

"कुठे?"

"पाहा अजून एकदा. तुमाले येळच येळ हाय."

एवढंच. जेवलो, बाळाला खेळवलं, चारच्या बसला निघालो. निघताना तिनं लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली, चांगली मोठी, एका माणसाला वर्षभर पुरेल अशी. बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसलो. वर्षभराचं लोणचं कुणी उगीच देत नाही, हे बोरगाव मंजू गाव मागे पडल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला एकटाच गेलो. थिएटरात जेमतेम दहा-बारा माणसं. या वेळी वकील नव्हते, हसायला जोडीदार नव्हता, त्यामुळे पिक्चर ऐकू आला. पेपर तपासावेत तसा मी तो तपासत होतो.

पहिली जागा सापडली ती मिक्सरची. ती चटणी वाटते आहे, तो दारात उभा आहे. मिक्सरच्या घरघरीत ती काहीतरी बोलते. तो ओरडतो, "आधी ते बंद कर, काही ऐकू येत नाही." ती बंद करते आणि म्हणते, "काही नाही." पहिल्या वेळी मला वाटलं होतं, खरंच काही नाही. आता तिच्या ओठांकडे पाहिलं. ओठ म्हणत होते, मी इथे राहत नाही, नुसती असते.

दुसरी जागा नात्यातल्या एका लग्नात काढलेल्या फोटोची. फोटोवाला म्हणतो, "वहिनी, जरा जवळ सरका." ती म्हणते, "आम्ही एवढेच जवळ आहोत, दादा." सगळं वऱ्हाड हसतं, नवराही हसतो. पहिल्या दिवशी थिएटरही हसलं होतं आणि त्यात सर्वांत मोठं हसू कुणाचं होतं, हे सांगायला नको. आता कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेत एक बाई एकटीच बसली होती, तिनं मान खाली घातली.

तिसरी जागा काही सापडेना. शेवटचा बादलीचा आवाजसुद्धा कान देऊन ऐकला. नाहीच.

संध्याकाळी फोन लावला. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. दहा महिन्यांत पहिल्यांदा तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काहीतरी होतं. "दोन सापडले," मी म्हटलं. "मिक्सर आणि फोटो. तिसरं नाही सापडलं."

 मग ती म्हणाली, "तिसरं पिच्चरमंधी नवतं." बाळ रडलं आणि तिनं फोन ठेवला.

मी तिथंच बसून राहिलो. 'तीनदा सांगतलं.' व्याकरणाच्या मास्तरानं आधी कर्ता शोधायला हवा होता. तिच्या वाक्यात कर्ता नव्हता. तिनं सांगितलं की मी सांगितलं, आपल्या भाषेत क्रियापद सारखंच राहतं. मी पडद्यावरची बाई धरून बसलो.

पुढचे तीन दिवस मी आमचा सगळा संसार तपासला. तिनं मला कधी, कुठे, काय सांगितलं होतं? भांडणं आठवली. भांडणांत तर ती बोलायचीच नाही. प्रवास आठवले, आजारपणं आठवली. काही हाती लागेना. तीस वर्षांत तिचं एक वाक्य मला आठवू नये, याची लाज वाटली.

चौथ्या दिवशी दुपारी वकीलीणबाई वाटीभर सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, आमटी घेऊन आल्या. घराकडे एक नजर टाकून, जे इतके दिवस बशीत ओतत होत्या ते त्यांनी सरळ विचारलं. "भाऊजी, लय एकटं वाटून राहिलं असंन ना?"

माझं तोंड उघडलं. 'वाटून राहिलं' नाही, 'वाटत' असेल. शब्द ओठांवर आला आणि तिथंच अडकला. कारण हे मी आधी एकदा बोललो होतो.

मुलीच्या लग्नानंतरचा हिवाळा. मी दिवाणावर सहामाहीचे पेपर तपासत होतो. ती खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. बराच वेळ शेंगांचाच आवाज होता. मग ती म्हणाली, "मले या घरात लय एकटं वाटून राहिलं." मी मान वर केली नाही. लाल पेन चालूच होतं. म्हटलं, "वाटून राहिलं नाही. वाटत आहे."

ती "हो" म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

वकीलीणबाई कधी गेल्या कळलं नाही. आमटी निवून गेली. मी फोन लावला. तिनं उचलला. मी काय बोलणार होतो ते जुळवलेलं नव्हतं, पण या वेळी जुळवायची गरज पडली नाही. आईच्या मांडीवर शिकलेली आणि पुढे स्वतःच पुसून टाकलेली भाषा आपोआप आली.

"मले लय एकटं वाटून राहिलं," मी म्हणालो.

पलीकडे गॅलरीतल्या चिमण्या ऐकू येत होत्या. मग ती सावकाश, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली,

"वाटत आहे म्हणा, सर."

फोन मात्र तिनं ठेवला नाही.