अंबाड्याची झोळी

गरम इस्त्रीखाली कोऱ्या सुती कापडाचा वास आला की ती टोपी आठवते. गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलातल्या सिस्टरसाठी मी ऑपरेशन थिएटरच्या टोप्या शिवायचे. मास्क अडकवायला कानांपाशी बटणं आणि मागे अंबाड्यापुरती झोळी, ही तिचीच युक्ती. एकदा ती डोक्याला ओढणी गुंडाळून आली. "ताई, ही घरी घालायला. केमोनं केस गेलेत, झोळी नको." मी मान हलवली आणि हाताच्या सवयीनं झोळी लावलीच. न्यायला आली तेव्हा तिनं ती चाचपली. "उसवून देते," मी म्हटलं. "असू द्या, ताई. येतील परत." त्याच आजारात ती गेल्यावर तिच्या नवऱ्यानं टोपी धुऊन आणून दिली, कुणाच्या तरी कामी येईल म्हणून. मी कुणाला दिली नाही. निळा रंग सगळीकडे विटलाय. झोळीच्या घडीत तेवढा अजून कोरा आहे.