सौनात शिरलेली बर्फगाडी

…तर औलिसनं बर्फगाडीचं बूड सौनात ढकललं, इथवर काल आपण आलो होतो आणि तेवढ्यात माझी कॉफी उतू गेली. आता पुढं ऐका.

काल जे नव्हते त्यांना सांगतो. औलिस केंटाला जन्मभर आमच्या कोर्पिवाराच्या रस्त्यावरचा बर्फ यंत्रानं ढकलत आला. देवानं त्याला हात दिले दहा माणसांचे, पण दुसऱ्याला काही विचारायला तोंड दिलं नाही. घड्याळ बंद पडलं की औलिस उघडणार. दाढ दुखली की औलिस पक्कड शोधणार. एकदा त्यानं बायकोचे केस कापले. त्या हिवाळ्यात कारिनानं चर्चमध्येसुद्धा टोपी काढली नाही.

गाडी या कारिनाचीच. सीटखाली, फिरत्या पट्ट्यावर अल्युमिनियमचं लांब झाकण असतं, त्याला सगळे बोगदा म्हणतात. दगड लागून लागून त्याचा रंग पार उडाला होता. ईस्टरला गावच्या गाड्यांची रांग गोठलेल्या तळ्यावरून निघते आणि सगळ्यांच्या पुढं कारिना असते. म्हणून औलिसनं बोगद्यावर चिकटवायला विनाइल, म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, छापून आणलं. त्यावर चित्र होतं कारिनानं बर्फाला भोक पाडून धरलेल्या पाईक माशाचं, दातांसकट.

आता विनाइल चिकटायला ऊब लागते. औलिसच्या शेडमध्ये थुंकी खाली पडायच्या आत खडा होते. गावात गरम गॅरेज एकच, व्होइटोचं. पण तरुणपणी व्होइटोनं कारिनाला मागणी घातली होती. त्याच्या दारात औलिस जाणार? म्हणून मग सौना, आमची वाफेची न्हाणी.

गाडी सबंध मावेना. बूड आत, आणि नाक दोन्ही स्की पसरून ओसरीवर. पेट्रोल आणि बॅटरी आधी काढून ठेवण्याइतकी अक्कल त्याला होती. दाराच्या फटीवर मी आणि औलिसनं रेनडिअरची कातडी टांगली. कारिनानं ते पाहिलं आणि म्हणाली, "गाडी सजव नाहीतर पुरून टाक. मला आज संध्याकाळी सौना पाहिजे. नाही मिळाला तर मी व्होइटोच्या सौनाला जाईन. तो कधीचा बोलावतोय."

आमच्याकडं बायको रुसून माहेरी गेली तर लोक चार दिवस बोलतात. शनिवारी दुसऱ्याच्या सौनाला गेली तर नवऱ्याच्या थडग्यापर्यंत बोलतात.

भट्टीचं तोंड ओसरीवर. त्यात त्यानं बर्चची दोनच लाकडं घातली. "कोंबडी अंड्यावर बसेल एवढीच ऊब," हे त्याचं माप. मग स्पिरिटनं बोगदा पुसला, साबणपाणी फवारलं, विनाइल पसरलं आणि रबरी पट्टीनं मधलं पाणी कडेला ढकलत नेलं. रिव्हेटच्या खिळ्यापाशी फुगा आला की सुईनं टोचायचा, गरम हवा मारायची, अंगठ्यानं दाबायचं. मासा असा बसला की मांजर चाटून गेलं असतं. "आता गोंद धरेपर्यंत कुणी हात लावू नका," म्हणाला, आणि आम्ही घरात जाऊन चीजचे तुकडे कॉफीत बुडवत बसलो.

घात इथं झाला. शनिवारी कुणाचाही सौना तापताना दिसला की जाता जाता भट्टीत एक ओंडका टाकायचा, ही आमची रीत. न टाकता जाणं म्हणजे तोंड फिरवून जाणं. टपालवाली इर्या आली. ओसरीवर गाडीचं नाक पाहून तिलाच म्हणाली, "काय गं, पाठ शेकत बसलीस?" आणि ओंडका सारला. हे तिनंच मागाहून सांगितलं. मग चर्चची गायकमंडळी तालमीहून परतली, त्यांनीही एकेक टाकला. शेवटी व्होइटो आला, आणि त्यानं सगळ्यांत जाड बुंधा घातला.

धुराड्यातून ठिणग्या दिसल्या तसा औलिस नुसत्या मोज्यांवर धावला. आत भाजून निघायची वेळ. विनाइल कडांनी सुटून आखडलं होतं, गोंदाच्या तारा लोंबत होत्या. माशाची शेपटी डोळ्यापाशी आली होती, आणि दातांवर सुरकुती पडून जबड्याचं बोळकं झालं होतं. गाडी बाहेर ओढावी तर तीही हलेना. पट्ट्यातला बर्फ वितळून पाणी दाराखालून ओसरीवर आलं होतं आणि तिथं स्कीभोवती पुन्हा गोठलं होतं.

तेवढ्यात कारिना टॉवेल आणि वाफेत अंगावर मारून घ्यायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी घेऊन आली. पायऱ्यांखाली व्होइटो, टोपी हातात.

"कारिना, माझा सौना तयार आहे. त्यात कुणी गाडी लावलेली नाही."

औलिसच्या हातात एकही हत्यार नाही, असं मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो.

कारिनानं आत वाकून पाहिलं. "औलिस, हा माझा पाईक?"

"होता."

"आता थेट व्होइटो दिसतोय. मला मागणी घालायला आला होता ना, तेव्हा असंच तोंड करून उभा होता."

"तेव्हा मला दात होते!" व्होइटो खालून ओरडला.

कारिनाला जे हसू लोटलं, ते थांबेना. हसत हसतच तिनं आम्हाला बाहेर काढलं. आत बसायच्या बाकांवर चढायची वाट गाडीनं अडवलेली, म्हणून सीटवर लाकडी फळी टाकली आणि टॉवेल गुंडाळून तिच्यावरच बसली. "औलिस, पाणी ओत भट्टीवरच्या दगडांवर! आणि ते कातडं नीट ओढ, पाठीला वारा लागतोय."

औलिस आत गेला. फुसकन वाफ उठली. व्होइटो काही हलेना. "अरे औलिस, जरा लाज बाळग! बायकोला गाडीवर बसवून आंघोळ घालतोस? माझ्याकडं चांगली तीन बाकं आहेत!"

आतून आधी जुडीचा सपाका ऐकू आला. मग औलिस बोलला, ते जसंच्या तसं सांगतो: "बाकं असतील रे, पण त्यातलं एक तरी पेट्रोल घातल्यावर चालतं का?"